आठवी ओळ

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

आकारामनं आज पेपरबरोबर एक कॅसेट आणून दिली. त्याचा पेपरचा स्टॉल लक्ष्मीपुरीत मोहसीन शिकलगारच्या रिपेअरिंगच्या दुकानाला लागून आहे. "मोहसीनभाईनं दिलीया, तुमच्याच हातात द्या म्हणालेत," एवढं सांगून तो सायकलवर बसला. कॅसेटला कागद गुंडाळलेला, वर रबरबँड. कागदावर लिहिलेलं: 'तुझं हाय. बघून घे.'

सदतीस वर्षांत मोहसीनकडून आलेलं हे पहिलं पत्र. चार शब्दांचं. मी लगेच अन्वय लावून वर टीकाही रचली. 'तुझं हाय' म्हणजे तुझं म्हणणं खरं होतं. 'बघून घे' म्हणजे चूक माझीच, खात्री करून घे. बायको म्हणाली की चार शब्दांत एवढं मावत नाही. अक्षता हायस्कुलात गणित शिकवते. तिला संस्कृत येत नाही.

आणि पत्र आलं ते बरोबर वेळेवर. परवाच्या रविवारी मी माझ्या 'जुनी कात्रणं' या सदरात जाहीर करून बसलोय की तेवीस तारखेला माझी छापून आलेली पहिलीवहिली बातमी गंमतीजमतींसह पुन्हा देणार. ती बातमी मोहसीनच्या चुकीवर होती. सदर वाचून गड्याला उपरती झाली असणार. वयानं माणूस मऊ होतो. मीही त्याला माफ करायचं ठरवलं, आणि त्या भरात दुपारी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कात्रण शोधून काढलं. जानेवारी १९८८. मथळा: 'यंत्राला सातपर्यंत मोजता येईना'. संपादकांनी माझा मथळा बदलला नाही या आनंदात मी तेव्हा रंकाळ्याला तीन फेऱ्या मारल्या होत्या.

लेखासाठी टाचण करून ठेवतो. कॉलेजला कुठल्याशा योजनेतून एक संगणक मिळाला होता, टीव्हीला जोडायचा. बटण बंद केलं की तो सगळं विसरायचा, म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम टेपरेकॉर्डर लावून कॅसेटवर उतरवून ठेवायचा. मी संस्कृतचा, मोहसीन फिजिक्सचा. दोघांनी मिळून 'रूपावली' नावाचा प्रोग्रॅम केला. शब्द द्या, यंत्र तो चालवून दाखवेल: रामः, रामौ, रामाः. प्रत्ययांची यादी मी कागदावर लिहून दिली, बाकी सगळं त्यानं. संस्कृतात विभक्ती सात आणि वचनं तीन, म्हणून एका शब्दाला एकवीस प्रत्यय. यादीत आधी पुल्लिंगाचे एकवीस, त्यांना लागूनच नपुंसकलिंगाचे एकवीस, मग स्त्रीलिंगाचे.

तेवीस जानेवारीला स्नेहसंमेलन. पाहुणे म्हणून एक शास्त्रीबुवा. मोहसीननं यंत्राला 'राम' दिला. सात ओळी अशा उमटल्या की बुवांची मान डोलायला लागली. सातव्या ओळीनंतर यंत्रानं थांबायचं होतं, ते थांबलं नाही. त्यानं आठवा फेरा घेतला. पुल्लिंगाचे प्रत्यय संपले होते, म्हणून यादीत पुढं उभे होते ते नपुंसकलिंगाचे पहिले तीन उचलले आणि रोमन अक्षरांत छापून टाकलं: हे रामम्, हे रामे, हे रामाणि. भर सभेत प्रभू रामचंद्रांना नपुंसकलिंगी हाक.

थोडे हसले. मागून कुणीतरी विचारलं, हे लिवलंय कुणी? कुणीतरी नाव सांगितलं. त्यानंतर हॉल एकदम शांत झाला. बुवांनी उपरणं सारखं केलं आणि पाणी मागितलं. कार्यक्रम लांबल्यामुळं लोक कंटाळले असावेत.

संगणक कक्षातली सहायकाची जागा मोहसीनला द्यायचं प्राचार्यांनी जवळजवळ कबूल केलं होतं. पुढं ती दुसऱ्याला मिळाली. असतात एकेकाचे योग. मोहसीन वडिलांच्या दुकानात बसायला लागला, मी त्या बातमीच्या जोरावर वार्ताहर झालो. आमचं भांडण असं झालंच नाही. रस्त्यात भेटलो की "बरं हाय का?" "बरं हाय." सदतीस वर्षं एवढ्यावर निभावली.

रविवार, ९ नोव्हेंबर

मेव्हण्यानं हातकणंगल्याहून त्याच्या माळ्यावरचा टेपरेकॉर्डर आणून दिला. आतून एक झुरळ निघालं, ते सोडून बाकी सगळं चालू होतं. त्या जुन्या यंत्राचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम लॅपटॉपवर मिळतो. वायर जोडून टेपचा आवाज त्याच्या कानात सोडायचा. तेवीस तारखेच्या लेखात त्या चुकलेल्या पडद्याचा फोटो टाकावा, बातमी पुराव्यासकट द्यावी, असा बेत आहे.

आधी लांब शिटी वाजते, मग पिठाच्या गिरणीत मांजर अडकल्यासारखी किरकिर. बाकीच्या लोकांना तारुण्याची आठवण गाण्यांनी येते. शेजारच्या तानूबाईंनी खिडकीतून विचारलं, गॅस गळतोय काय तुमचा.

अकरा वेळा प्रयत्न केला. अकराही वेळा 'टेप लोडिंग एरर'. तेव्हाही असंच व्हायचं. चार मिनिटं दोघं श्वास धरून बसायचो. मोहसीन ओठांवर बोट ठेवायचा, जणू बोललो तर यंत्राची झोप मोडेल. शेवटच्या सेकंदाला एरर आली की तो कॅसेट मागं फिरवायचा. चिडण्याचं काम माझ्याकडं असायचं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शेवटी टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन मोहसीनच्या दुकानात गेलो. आता तिथं टेप येत नाहीत. मिक्सर, पंखे, गिझर. मला बघून तो "बस" म्हणाला. स्टुलावर कुणाचा तरी पंखा होता, म्हणून मी उभाच राहिलो.

त्यानं कॅसेट लावली आणि कान टेपला चिकटवला. केस पांढरे झालेत, पण कान तिरका करायची पद्धत तीच. "बारीक आवाज मरतोय. हेड वाकडं झालंय." मग एक बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन टेपच्या पोटातला स्क्रू केसभर फिरवला, अजून केसभर फिरवला. किरकिर एकदम धारदार झाली. "हां. आता वाचंल."

मी म्हटलं, तुझी चिठ्ठी मिळाली. त्यानं विचारलं, "बघिटलंस?" मी सांगितलं की लोडच होत नव्हतं. मग मी जरा मोठेपणा घेतला. झालं गेलं, इतक्या वर्षांनी मी काही मनात ठेवलेलं नाही, असं म्हणालो. तो हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. भरून आलं असावं.

निघताना म्हणाला, "त्यात चार हायत. चौथ्याच्या आदी तिसरा बघ." कारागीर माणसांना क्रमाचं फार असतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

लोड झाला. आम्ही प्रत्येक सुधारणेनंतर प्रोग्रॅम नव्यानं कॅसेटवर उतरवायचो: रूप-१, रूप-२, रूप-३. संमेलनात चालवला तो रूप-४. मी थेट तोच लावला. 'राम' दिला. सात ओळी चोख, आणि आठवीत हे रामम्. जुना शत्रू तिठ्यावर भेटावा तसा आनंद झाला. फोटो काढले.

अक्षताला बोलावून दाखवलं. हे बघ, फेरे साताऐवजी आठ घातले मोहसीननं, पोरकट चूक. तिनं पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, "चुकून एक फेरा जास्त झाला, हे समजलं. पण मग त्या ओळीला 'हे' कुणी लावलं? चुकून झालं असतं तर नुसतं रामम् आलं असतं."

मी म्हटलं, तुम्हा गणितवाल्यांना प्रत्येक गोष्टीत उत्तर हवं असतं. ती कुकर लावायला गेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दोन दिवस ते 'हे' डोक्यातून जात नाही. शेवटी आज रूप-३ लावला. सात ओळी आल्या आणि यंत्र शहाण्यासारखं थांबलं. म्हणजे तिसऱ्यात बरोबर होतं, चौथ्यात मोहसीननं बिघडवलं. लेखाला एक परिच्छेद वाढला म्हणून खूश झालो, आणि दोन्ही प्रोग्रॅमच्या ओळी कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवल्या.

मोहसीन ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचा, मधे काही घालायची वेळ आली तर जागा असावी म्हणून. तिसऱ्याची पहिली ओळ: 'दहा, रेम, ७८६'. रेम म्हणजे शेरा. ती ओळ यंत्र वाचत नाही, ती माणसांसाठी असते. त्याच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर हे असायचंच.

चौथ्यात दहाच्या वर आणखी एक ओळ आहे. 'पाच, रेम, श्री'.

आज एवढंच.

रविवार, १६ नोव्हेंबर

कुठल्याही कागदाच्या डोक्यावर मी आधी श्री लिहितो. बँकेच्या फॉर्मवर लिहितो, वाण्याच्या यादीवर लिहितो. एकदा राजीनाम्यावर लिहिला होता. मोहसीन कशाला लिहील?

शुक्रवार, २२ जानेवारी १९८८. संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी मोहसीन नमाजाला गेला. जाताना सांगून गेला, तासात येतो, यंत्राला हात लावू नको, तापलंय. मी लावला. आम्ही संस्कृतवाले शब्द म्हणतो तेव्हा आठ ओळी म्हणतो, शेवटची 'हे राम, हे रामौ, हे रामाः'. व्याकरणात ती वेगळी विभक्ती नाही, प्रथमेचीच एक तऱ्हा. पण लहानपणापासून जिभेला आठाचं वळण. मला वाटलं, शास्त्रीबुवांपुढं यंत्रानं शेवटी देवाला हाक मारली तर सभा टाळ्यांनी दणाणून जाईल. म्हणून साताचा आठ केला. आठव्या ओळीला 'हे' लावलं. वर श्री घातला, कॅसेटवर उतरवला, आणि मोहसीनला अवाक्षर बोललो नाही, कारण त्याला चकित करायचं होतं. प्रत्यय मात्र माझ्या कागदावरचे एकवीसच राहिले. जिभेनं आठ म्हटले, हातानं सात लिहिले होते, आणि दोघांची गाठ मी कधी घालूनच दिली नाही.

'हे मी विसरून गेलो होतो' असं वाक्य इथं लिहिलं होतं. खोडलं. विसरलो नव्हतो. 'फेरे' म्हणजे यंत्रातलं काम, यंत्रातलं काम म्हणजे मोहसीनचं, अशी वाटणी त्याच संध्याकाळी मनात करून टाकली आणि ती बातमी तिच्यावर उभी केली. पुन्हा त्या बाजूला बघायची गरज पडली नाही. सोय होती.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तेवीस तारखेसाठी दुसरं कात्रण शोधलं. १९९४, गडमुडशिंगीत विहिरीत पडलेला गवा. गवा वाचला होता आणि कुणाचीही चूक नव्हती. फार सुंदर बातमी.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, नाही हो, पहिल्या बातमीचीच जाहिरात झालीय, लोक विचारतात. कोण लोक, हे त्यांनी सांगितलं नाही. मला एक ठाऊक आहे, तो लक्ष्मीपुरीत बसतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लेख लिहिला आणि अक्षताला वाचून दाखवला. 'ऐनवेळी प्रोग्रॅममध्ये बदल करण्यात आला व त्यामुळे अनर्थ घडला.'

"कर्ता कुठाय?" तिनं विचारलं.

मी समजावलं की कर्मणी प्रयोगात कर्ता गाळलेला चालतो, व्याकरणाला मान्य आहे. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "व्याकरणाला असेल."

दुसरा खर्डा: 'आम्हा दोघांच्या हातून'. यावर तिनं लाल पेनाचं टोपण काढलं. तिसरा संध्याकाळी झाला: 'तो बदल मी केला. मोहसीनला ठाऊक नव्हता. त्याची नोकरी माझ्या चुकीनं गेली.' तीन साधी वाक्यं. त्यासाठी आयुष्यभर व्याकरण शिकलो म्हणायचं.

मोहसीनला आधी जाऊन सांगावं असं मनात आलं होतं. मग म्हटलं, छापूनच येऊ दे. छापलेलं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं.

रविवार, २३ नोव्हेंबर

छापून आलं. मोहसीनचं नाव लेखात सहा वेळा होतं. सहाही ठिकाणी 'मोहन'.

ऑफिसला फोन लावला. पान लावणारा मुलगा भला आहे. म्हणाला, सर, रामाच्या प्रोग्रॅमचा विषय, त्यात मोहसीन कसं असेल, तुमच्याकडून टाइप चुकलं असणार म्हणून मीच दुरुस्त केलं. मला न विचारता त्यानं मदत केली होती. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दहाच्या सुमारास फोन वाजला. मोहसीनचा. त्याचा नंबर माझ्याकडं नव्हता, आवाजावरून ओळखलं.

"ज्ञानू, ह्यो मोहन कोण रं?"

मी खुलासा करायला लागलो. तो हसत होता. खरोखरच हसत होता, मधेच खोकला लागेपर्यंत. खोकला थांबल्यावर मी विचारलं की तुला कधी कळलं. त्याच दिवशी, म्हणाला. संमेलनानंतर हॉल रिकामा झाल्यावर त्यानं यंत्रावर ओळी बघितल्या होत्या, श्री वाचला होता. आणि तेव्हापासून ती कॅसेट पुसू दिली नव्हती.

मग सभेनंतर बोलला का नाहीस, असं मी विचारलं. प्रश्न तोंडातून गेल्यावर वाटलं, हा विचारायचा हक्क मला कुणी दिला.

"रामाचं नाव बिघडलेलं, आन् मी उठून सांगू, मी न्हाय, ज्ञानूनं केलंय? कुणी ऐकलं असतं व्हय?" मग म्हणाला, "तू सांगिटलं असतंस तर ऐकलं असतं. मी तुझ्याकडंच बघत हुतो."

मी तेव्हा टीव्हीकडं बघत होतो. त्या पडद्यावरचे तीन शब्द मला आज अक्षरन् अक्षर आठवतात. मोहसीनचा चेहरा आठवत नाही.

पुढच्या रविवारी नावाची दुरुस्ती छापतो, चौकटीत छापतो, असं काहीतरी बोललो.

"छापू नको," तो म्हणाला. "छापायचं ते एकदा छापलास की. दुकानात ये. तोंडानं सांग."

सोमवार, २४ नोव्हेंबर

अकराला गेलो. जाताना दोनदा वाट बदलली, पण कोल्हापूर लहान आहे, दोन्ही वाटा लक्ष्मीपुरीतच निघतात.

दुकानात मोहसीन होता, आकाराम टेकून उभा होता, आणि एक पाहुणा मिक्सर दुरुस्त व्हायची वाट बघत होता. मोहसीननं मान हलवली, बस म्हणाला नाही. मी दारातच उभा राहिलो. तीस वर्षं पत्रकार परिषदांत मंत्र्यांना प्रश्न विचारणारा मी.

म्हणालो, "अठ्ठ्याऐंशी साली कॉलेजात जो प्रोग्रॅम चुकला, तो मी चुकवला होता. मोहसीननं न्हाय. त्याच्या पाठीमागं मी हात लावला आणि त्याला सांगितलं नाही. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तेव्हा मी गप बसलो, आणि वर पेपरात त्याचंच नाव घातलं. त्याची नोकरी गेली ती माझ्यामुळं."

आकाराम म्हणाला, पेपरात तर कोण मोहन हाय. मिक्सरवाल्या पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"ते असू दे वो," तो मोहसीनला म्हणाला. "आमच्या मिक्सरचं काय झालं?"

मोहसीननं मिक्सर बाजूला सरकवला. फडक्यानं एकेक बोट पुसलं. "जरा थांबा पावणं," तो म्हणाला, "मला ऐकू द्या." मग माझ्याकडं वळला आणि कान तिरका केला. "परत सांग."

मी परत सांगितलं.